खरपुडीचं दुसरं नाव

भाद्रपद लागला की माझ्या पर्समध्ये भिंग येतं. एरवी ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ड्रॉवरमध्ये पडून असतं. गणपती बसले की मी ते काढते, रुमालाने पुसते आणि चाव्यांच्या कप्प्यात टाकते. यंदाही टाकलं. पाऊस आता सलग पडत नाही, येऊन-जाऊन असतो. मधल्या उघडिपीत असं ऊन पडतं की रस्त्यावरचा चिखल तासाभरात वाळून त्याची धूळ होते, आणि चाकणच्या वाटेवर कंटेनरच्या मागे स्कूटर चालवताना दात कचकच करायला लागतात.

तिकडे कंपन्यांच्या पाठीमागे एक टेकडी आहे. नकाशात तिला नाव नाही. आसपासच्या गावांतले लोक नुसतं ‘माळ’ म्हणतात. पायथ्याला पत्र्याच्या शेड, रंगाच्या पिंपांची रास, शिफ्ट सुटण्याची वाट बघत उभ्या असलेल्या बस. वर गेलं की काळा कातळ, आणि कातळाच्या फटींत गुडघाभर गवत. या दिवसांत तेरडा आणि सोनकी असते, ती लांबूनही दिसते. मला हवी असते ती वेल मात्र गवतात बोटाने शोधावी लागते. सुतळीएवढी बारीक वेल आणि करंगळीएवढं फूल. फुलाची बुडाशी फुगीर, वर निमुळती अशी नळी असते, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या. त्या उमलतात, पण टोकांशी एकमेकींना सोडत नाहीत. त्यामुळे फूल आकाशकंदिलासारखं दिसतं. पुस्तकात त्याला कंदीलपुष्प म्हणतात. गावात खरपुडी म्हणतात, आणि फुलापेक्षा तिचा जमिनीतला कंद लोकांच्या जास्त ओळखीचा असतो. गुरं राखणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या उकरून कच्चा खाल्लेला आहे.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. वडील जळगावकडून येऊन इथे कंपनीत लागले, मी पिंपरीत वाढले आणि ज्या कॉलेजात शिकले तिथेच आता शिकवते. आमच्या गावात, म्हणजे या शहरात, नवा माणूस भेटला की दुसरा प्रश्न हमखास ‘मूळचे कुठले?’ असा असतो. उत्तर मिळालं की समोरचा समाधानाने मान हलवतो, जणू योग्य कप्प्यात ठेवला. माझं कामही तेच आहे, फक्त झाडांच्या बाबतीत. ही कुठली, हिची जवळची कोण, वेगळी म्हणायची की त्याच घरातली. बाहेरून हा कोरडा उद्योग वाटतो. तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदापर्यंत मलाही थोडासा तसाच वाटायचा.

पण त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आम्हाला शिंत्रे बाई शिकवायच्या. उंच, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्या काळात साडीवर बूट घालणारी बाई आमच्या कॉलेजात दुसरी नव्हती. त्यांच्याबरोबर टेकड्यांवर जायचे ते आमचे लॅब अटेंडंट, सोपानकाका. चऱ्होलीचे. चार बुकं शिकलेले, पण रानातली वाट आणि रानातलं झाड एकदा पाहिलं की विसरत नसत. वनस्पती दाबायच्या लाकडी चौकटी तेच पाठीवर घेऊन चालत. दाबलेल्या झाडांखालचे ओले कागद रोज बदलणं, वाळलेलं झाड जाड कागदावर चिकटवणं, कपाटात डांबरगोळ्या ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. प्रयोगशाळेचा डांबरगोळ्यांचा आणि खळीचा तो मिश्र वास मला अजून कुठे आला तर काकाच आठवतात.

त्या वर्षी या माळावर काकांना ती वेल दिसली. बाईंनी ती तपासली. पश्चिमेकडच्या डोंगरांतली जी खरपुडी पुस्तकांत होती, तिच्या पाकळ्या आखूड आणि नळीत आतून लव. माळावरच्या फुलाच्या पाकळ्या लांब, नळी आतून साफ. बाई वर्षभर पुस्तकांत डोकं घालून होत्या. तेव्हा नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. पुण्यात एका वृद्ध पाद्रीबाबांकडे जाऊन त्यांनी तो परिच्छेद तपासून घेतला. शेवटी ती वेगळी जात म्हणून छापून आली, आणि बाईंनी तिला नाव दिलं ‘सोपानी’. शोधणाऱ्याच्या नावावरून असं नाव देतात. त्यात नवल नाही. नवल एवढंच, की असं नाव सहसा साहेबाला मिळतं.

ज्या वाळवलेल्या नमुन्यावर एखादं नाव पहिल्यांदा बेतलेलं असतं, तो फार जपतात. एक प्रत पुण्याच्या मोठ्या संग्रहात गेली आणि दुसरी आमच्या कपाटात, लाल कव्हरमध्ये राहिली. काकांच्या घरी त्या फुलाचा फोटो फ्रेम करून लावला गेला. खाली इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव. आम्ही मुली पेढे खाऊन मोकळ्या झालो.

आता तीन वर्षांपूर्वीचं. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेला गणेश नावाचा मुलगा माझ्याकडे आला. मुलगा म्हणायचा, पण तिशी ओलांडलेला. धाराशिवकडचा, राहायला रहाटणीत. सुट्टीच्या दिवशी फुलांचे फोटो काढत फिरणाऱ्या मंडळींतला. माळ सपाट करून तिथे गोदामं होणार असल्याचं त्याला समजलं होतं. या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला होता की ही वेल जगात फक्त या टेकडीवर आहे, तेव्हा टेकडी राखावी. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज फेकला नाही. त्यांनी विचारलं, ही वेगळी आहे याला ताजा पुरावा काय? विचारण्यासारखाच प्रश्न होता.

“मॅडम, तुम्ही सांगा काय मोजायचं, मी मोजतो,” गणेश म्हणाला. “दिवसभर दुसरं काय करायलोय मी तिकडं?”

त्याच्याकडे बारीक मापं घ्यायचा स्वतःचा डिजिटल व्हर्नियर होता. मी त्याला फूल कसं धरायचं ते दाखवलं आणि त्याने मला माप कसं घ्यायचं ते शिकवलं. एकच माप तीनदा घ्यायचं, आणि दुसऱ्याने घेतलेलं आधी बघायचं नाही. तो पूर्ण भाद्रपद आम्ही रविवारचे डोंगर चढलो. माळावर तर गेलोच, पण तुलना हवी म्हणून उत्तरेला खेड आणि पुढे जुन्नरच्या बाजूचे, पश्चिमेला मावळातले डोंगरही धरले. ओल्या कातळावर पोट टेकून मापं घेताना कोपरांना गोगलगायी चिकटत. खालून हॉर्न ऐकू यायचे, कधी कंपनीचा भोंगा. गणेश आकडा मोठ्याने म्हणायचा, मी लिहायची. डबा खाताना तो गावाकडच्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचा, आणि इथे दगडातून नुसतंच वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचा.

तिसऱ्या रविवारी मला शंका आली. माळावरच्या पाकळ्या लांब होत्या, जुन्नर-मावळाकडच्या आखूड. पण मधल्या डोंगरांवरच्या मधल्या मापाच्या होत्या. कुठे आखूड संपते आणि कुठे लांब सुरू होते, ती रेघ ओढता येईना. तरी लव होती ना, तो फरक मोठा. म्हणून मी माळावरची फुलं उमलल्या दिवशी सकाळी कापून भिंगाखाली धरली.

आत लव होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वेलीवरचं, आदल्या दिवशी उमललेलं फूल कापलं. लव नव्हती. म्हणजे होती, पण सुकून नळीला इतकी चिकटलेली की भिंगातून शोधावी लागत होती. या फुलाचं कामच तसं आहे. बारीक माशी वासाने आत शिरते, खाली वळलेल्या लवेमुळे तिला बाहेर येता येत नाही, ती आत धडपडते आणि अंगाला पराग लागतात. दिवसाभराने लव कोमेजते आणि माशी सुटते. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. बाईंनीच मला शिकवलं होतं.

मी चार वेळा तपासलं. गणेशला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे वेगळी नाही ती.”

“नाही.”

“आपल्या मापांनीच?”

“हो.”

संध्याकाळी तो कॉलेजवर आला. कंपनीचा निळा शर्ट तसाच होता. “मॅडम, तुम्ही पेपर लिहिणार, ते लिहाच. पण एक वर्ष थांबलात तर काय बिघडतंय? अर्जात आपण ‘जगात फक्त इथं’ असं लिहिलंय. तेवढ्या एका ओळीवर माळ उभा हाय बघा.”

मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, आणि माझ्या मनात माळापेक्षा बाई होत्या. मी म्हटलं, विचार करू. तो गेला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. राहिलेल्या एका रविवारची मापं त्याने माझ्याकडे दिली नव्हती, ती सगळी फोटो काढून पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘आमच्याकडं रीडिंग दाबलं की पार्ट पुढं जातो आणि मग कुठंतरी रस्त्यावर ब्रेक लागत नाही. मी थांबा म्हणायला नको होतं. पण मला वाईट वाटायलंय.’ पुढे काही नव्हतं.

शिंत्रे बाई निवृत्त होऊन संत तुकाराम नगरात राहतात, एकट्या. सत्तरी कधीच ओलांडली आहे. मी मापांची वही घेऊन गेले. वाटेत दोन-तीन प्रस्तावना तयार केल्या होत्या, त्यांतली एकही वापरली नाही. वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा बदलला आणि पहिल्या पानापासून वाचली. मधे एकदाच विचारलं, “फुलं कधी कापलीस?”

“उमलल्या दिवशी सकाळी. आणि दुसऱ्या दिवशी.”

बाईंनी बोट पानावर तसंच ठेवलं. “मी दाबून आणली होती,” त्या म्हणाल्या. “कापली तिसऱ्या दिवशी. सात फुलं होती फक्त. आणखी आणायला हवी होती, पण पाऊस संपत आला होता.”

मग त्यांनी चहा केला, मला दिला आणि स्वतःचा कप ओट्यावर विसरल्या. मला वाटलं आता त्या वर्गातल्यासारखं काहीतरी बोलतील, विज्ञान म्हणजे काय वगैरे. तसं काही बोलल्या नाहीत. “उद्या येते लॅबमध्ये. मला स्वतः बघायचंय.”

त्या चार दिवस आल्या. गुडघ्यांमुळे टेकडी चढणं शक्य नव्हतं, म्हणून मी आणि गणेश सकाळी ताजी फुलं डब्यात ओल्या कापसावर ठेवून आणत होतो. गणेश त्यांच्याशी सुरुवातीला अंतर ठेवून होता. त्याच्या लेखी सगळं यांच्यामुळेच सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, तो त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून व्हर्नियरचा शून्य कसा तपासायचा ते सांगत होता आणि त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

“लिही,” त्या मला म्हणाल्या. “आणि लेखकांत माझं नाव घाल. चूक माझी आहे, दुरुस्तीत मी नको?”

मी हो म्हटलं.

“पण सोपानरावांना तू सांग. ते माझ्याने व्हायचं नाही.”

या धंद्यातला नियम साधा आहे. एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं. नंतरचं नाव मरत नाही, पण ते पुस्तकात बारीक अक्षरांत, जुन्या नावाच्या खाली जाऊन बसतं. हे काकांना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते चऱ्होलीपर्यंत मला सुचलं नाही. गाव आता ओळखू येत नाही. काकांच्या शेताच्या जागी उंच इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत चौथ्या मजल्यावर ते मुलाकडे राहतात. दारात चपला काढताना समोरच्या भिंतीवर फ्रेम दिसली. काच स्वच्छ होती.

मी सांगितलं. पाकळ्या, लव, दुसरा दिवस, सगळं. काका ऐकत होते. सूनबाई पाणी ठेवून आत गेली.

“मंग खरपुडीच हाय म्हना की ती,” काका म्हणाले.

“हो काका.”

“आमी तवाच म्हनलं व्हतं.”

“काय?”

“माळावनं उतारताना. म्या कंद खाल्ला व्हता ना. म्हनलं, बाई, ही आमची खरपुडीच हाय, चव तीच लागती. बाई म्हनल्या, सोपानराव, चवीवर ठरत न्हाई. म्या म्हनलं, आसंल.”

“मग पुन्हा बोलला नाहीत?”

काका हसले. “त्यांनी नाव माजं दिलं. आता माज्याच नावाला मी कसं म्हनू, खोटं हाय म्हून? माजी आई तवा व्हती. तिला दावलं मी छापल्यालं. तिला वाचता येत न्हवतं, पन तिनं त्यावरनं हात फिरवला.” मग त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या ती तिथंच. फूल तर तेच हाय न्हवं?”

मी घरी येऊन त्या दिवशी काही लिहू शकले नाही. मला सारखं वाटत होतं की एवढी वर्षं उत्तर आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच खळीच्या डब्याशेजारी बसलेलं होतं आणि कुणी पुन्हा विचारलं नाही. बाईंना फोन करून जे झालं ते सांगितलं. “म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “मला आठवतंय. मी उत्तर काय दिलं तेही आठवतंय.”

अर्जातली ती ओळ गणेशने स्वतः खोडली आणि नवा अर्ज लिहिला. त्यात एवढंच होतं की ही वेल थोड्याच टेकड्यांवर उरली आहे आणि त्यांतली ही एक. त्याला उत्तर आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात माळाची पूर्वेची बाजू कापली गेली. कंद उकरून कॉलेजच्या बागेत लावले, बहुतेक कुजले. पश्चिमेचा उतार खडा आहे म्हणून की काय, अजून शिल्लक आहे. गणेश वर्षभर मला भेटला नाही. मग एका भाद्रपदात अचानक एका डोंगरावरून त्याचा फोटो आला, नंतर दुसऱ्या डोंगरावरून. तो रविवारी एकेक टेकडी धरून खरपुडी कुठे कुठे आहे ते नोंदवत सुटला आहे. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, “जगात एकाच जागी असली तरच वाचवायची, असं कुठं असतं का मॅडम?” त्याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. काल त्याने पाठवलेल्या फोटोत फुलाशेजारी मोजपट्टी व्यवस्थित धरलेली होती.

पण मला ज्या ऋतूबद्दल सांगायचं आहे तो तीन वर्षांपूर्वीचाच, आणि त्यातला एक दिवस राहिला. लेख लिहून पाठवला तेव्हा आश्विन लागला होता. पाऊस गेला होता, टेकड्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. कपाटातल्या नमुन्यावर नवी ओळख लिहायची होती. बाई म्हणाल्या, सोपानरावांना बोलवा.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. लॅबमध्ये शिरल्याबरोबर आधी कपाटाची फळी उघडून डांबरगोळ्या आहेत का ते त्यांनी बघितलं. मी लाल कव्हर टेबलावर ठेवलं. आतली वेल तपकिरी झालेली, फुलं कागदाला चिकटून चपटी, आणि कोपऱ्यात बाईंच्या तरुण अक्षरातलं लेबल.

“आता हे खोडायचं का?” काकांनी विचारलं.

“खोडत नाहीत सोपानराव,” बाई म्हणाल्या. “आधीच्याने लिहिलेलं कधीच खोडायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची. पुढे कुणाला आमचं चुकलंय असं वाटलं, तर तो आणखी एक लावेल.”

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. अशा चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात. झाडाचं नाव, ते ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख. बाईंनी जुनं, टिकलेलं नाव लिहिलं. मग ओळखणाऱ्याच्या जागी पेन टेकवून त्या थांबल्या. मला वाटलं त्या माझं नाव लिहिणार, किंवा स्वतःचं. त्यांनी सोपानकाकांचं लिहिलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, एकही अक्षर न गाळता.

काकांनी चष्मा लावून ते अक्षर जुळवत वाचलं. चेहऱ्यावर काही फार दिसलं नाही. तोवर बाई तारीख लिहीत होत्या.

“बाई, तारीख आजची घालताय?” काका म्हणाले. “मी तर लई आदी म्हनलं व्हतं.”

बाईंनी तारीख पूर्ण केली आणि पेनाचं टोपण लावलं.

“आजचीच पडते सोपानराव,” त्या म्हणाल्या. “मला आज कळलं.”

काकांनी मान हलवली. मग खळीच्या डब्यात ब्रश बुडवला, जास्तीची खळ डब्याच्या काठावर पुसली आणि चिठ्ठी उलटी करून तिच्या चारी कडांना सारखी लावली.